लंगडी लक्ष्मी

रेश्माने टेपचं टोक घट्ट धरून एक पाऊल मागे घेतलं आणि तिचा बूट नेमका ओल्या चुन्यात पडला.

"मेले!" ती म्हणाली.

तशी वेळ आलीच होती. समोरच्या निळ्या दारातून एक म्हातारी बाहेर आली. अंगात काळा झगा, डोक्याला काळा रुमाल, हातात चुन्याचा ब्रश. तिचं जे तोंड सुटलं ते थांबेना. आम्हाला ग्रीक ओ की ठो कळत नव्हतं, पण शिव्या कळायला भाषा यावी लागत नाही. रेश्मा एक पाय अधांतरी धरून उभी राहिली. पाय खाली ठेवायचा तर आणखी कुठलं तरी चित्र बिघडणार होतं.

"वैजू, काहीतरी कर गं! सॉरीला काय म्हणतात इथे?"

मी टेप टाकून धावले. सॉरीला काय म्हणतात ते मला माहीत होतं. लहानपणी बाबांनीच शिकवलं होतं. पण त्या दिवशी दुपारपर्यंत माझं मन इतकं खट्टू झालं होतं की बाबांनी शिकवलेला एकही शब्द तोंडातून काढायची माझी तयारी नव्हती.

आम्ही पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजची चौथ्या वर्षाची मुलं. उपासनी सर दरवर्षी अभ्यासदौरा काढायचे आणि तो फार तर जैसलमेरपर्यंत जायचा. शहाण्णव साली मात्र अथेन्सच्या एका विद्यापीठाने आमंत्रण दिलं, एका ट्रस्टने विमानाच्या भाड्याला हातभार लावला आणि आमची वरात थेट ग्रीसला निघाली. बॅगांमध्ये कपड्यांपेक्षा चिवडा जास्त होता. आमच्यातल्या एकाच्या आईने तर लसणाची चटणी इतकी दिली होती की अथेन्सच्या विमानतळावर कस्टमचा कुत्रा आधी त्याच्याच बॅगेशी येऊन बसला. त्या वयात कशालाही हसू यायचं, याला तर आम्ही तीन दिवस हसत होतो.

सगळ्यांना सँटोरिनी बघायचं होतं. कॅलेंडरवर असतं ते, पांढऱ्या घरांचं आणि निळ्या घुमटांचं. मी सरांच्या मागे लागून लागून त्यातला एक दिवस किथनोस नावाच्या बेटासाठी काढून घेतला. तिथल्या बायका ईस्टरच्या आधी गल्लीतल्या फरशांच्या सांधी चुन्याने रंगवतात आणि फरशांवर मासे, होड्या, फुलं काढतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. "सर, रोज दारात रांगोळी काढणाऱ्या देशातनं आपण आलोय, आणि हे बघायचं नाही?" असं म्हटल्यावर सर विरघळले. गल्लीचं मोजमाप घ्यायचं, चित्रं कागदावर उतरवायची आणि संध्याकाळच्या बोटीने परत फिरायचं, असं ठरलं. बाकीची पोरं मात्र कुरकुरली. तिथे ना दुकानं, ना पोहायला किनारा. वैजूचं बेट, असं त्यांनी त्याचं नावच पाडलं.

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रेश्मालाही नाही.

माझे बाबा, अंकुश मयेकर, मालवणजवळच्या आमच्या गावातून बोटीवर खलाशी म्हणून गेले तेव्हा मी पाळण्यात होते. गावातले आणखी चार-पाच जण बोटीवर होते. ते परतले ते टेपरेकॉर्डर, नायलॉनच्या साड्या आणि सोन्याच्या चेनी घेऊन. बाबा दोन वर्षांनी परतले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. ग्रीक मालकाची कंपनी बुडाली होती, बोट जप्त झाली होती, कागदपत्रं तिकडेच अडकली होती. थंडीत बाबांना न्यूमोनिया झाला म्हणून कॅप्टनने त्यांना आपल्या बेटावर, आपल्या आईच्या घरी नेऊन ठेवलं होतं. मारिगो म्हातारीने त्यांना मसुराचं सूप पाजून उभं केलं. तिच्या दारात बसलं की समुद्र दिसत नाही, पण वारा नीट असला तर बोटीचा भोंगा ऐकू येतो. हे सगळं बाबा आम्हाला रंगवून सांगायचे.

पण गावाला सांगितलं तेव्हा भिवा शेटये म्हणाला, "अंकुश खंयचो ग्रीसाक! मुंबयच्या जेलात खडी फोडीत होतो." भिवाचं किराणा मालाचं दुकान म्हणजे गावाचं आकाशवाणी केंद्र. तिथे एकदा बातमी लागली की ती खरीच. बाबांनी त्याला ग्रीक बोलून दाखवलं. तर तो म्हणतो, "तां ग्रीक आसा ह्यां आमका कसां कळताला? मी पण बोलतंय बघ," आणि त्याने काहीतरी अगडबंब बोलून दुकानातल्या सगळ्यांना हसवलं. पुढे माझ्या थोरल्या बहिणीचं, शालूताईचं, लग्न जमत आलेलं मोडलं. मुलाकडच्यांनी कारण दिलं नाही, पण ते जाता जाता भिवाच्या दुकानात चहाला थांबले होते. त्या दिवसानंतर बाबांनी बेटाचं नाव कधी काढलं नाही.

मी निघाले तेव्हा ते मला एसटीवर सोडायला आले. मी विचारलं, "बाबा, किथनोसच ना?"

त्यांनी माझी बॅग सीटखाली सरकवली. मग म्हणाले, "थंय कोणाक कायएक इचारू नको. नुसतां बघून ये."

एसटी सुटल्यावर कणकवलीपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. त्यांना कशाची भीती वाटतेय ते मला कळत होतं. गाव हसलं ते त्यांनी सोसलं. पण मी विचारलं आणि कुणी ओळखच दाखवली नाही, तर त्यांच्यावर विश्वास ठेवणारं उरलेलं एक माणूसही जाणार होतं. मला तर ते खरे ठरायलाच हवे होते. शालूताईसाठी, आणि माझ्यासाठीही.

तसं बेट फार देखणं होतं. आज डोळे मिटले तरी ते दिसतं. बोटीतून उतरलो तेव्हा डोंगरावर रानटी ओव्यासारखा वास सुटला होता. पवनचक्क्या, बकऱ्या, वर चढत जाणारा रस्ता आणि रस्त्याच्या शेवटी पांढरंशुभ्र गाव. घरोघरी बायका गुडघ्यांवर बसून गल्ली रंगवत होत्या. आम्ही एकवीस वर्षांचे होतो, ऊन कोवळं होतं आणि आमचा चिवडा तिथल्या म्हाताऱ्यांना आवडला होता. दुसऱ्या कुठल्या मनःस्थितीत मी असते तर तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस ठरला असता.

जेवणानंतर मला राहवलं नाही. आमच्याबरोबर देस्पिना नावाची तिथल्या विद्यापीठातली मुलगी दुभाषी म्हणून होती. तिला घेऊन मी चौकातल्या कॉफीच्या दुकानात गेले आणि कॅप्टन यानिसची आई मारिगो कुठे राहते म्हणून विचारलं. दुकानातले म्हातारे एकमेकांकडे बघून हसले.

"ते म्हणतायत, इथे दर दुसऱ्या घरात एक मारिगो आहे," देस्पिना म्हणाली. "आणि प्रत्येक मारिगोला एक यानिस आहे. तुला कुठला हवाय? कोणत्या कंपनीचा? कोणत्या बोटीवरचा?"

"त्याने एका भारतीय खलाशाला घरी आणलं होतं. वीस वर्षांपूर्वी."

तिने विचारलं. म्हाताऱ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. एक जण म्हणाला की इजिप्तचा एक माणूस एकदा आला होता, बहुतेक. मी आभार मानून बाहेर आले आणि सरांनी दिलेलं शेवटचं गल्लीचं मोजमाप घ्यायला रेश्माबरोबर मुकाट्याने उभी राहिले. बोटीला फार वेळ नव्हता. घरी जाऊन बाबांना काय सांगायचं, हेच मी मनात जुळवत होते. बघून आले, छान आहे, बस.

आणि तेवढ्यात रेश्माचा बूट चुन्यात पडला.

मी तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं आणि काय बिघडलंय ते बघायला खाली वाकले. बाकीच्या दारांसमोर मासे होते, होड्या होत्या, कुंडीतली फुलं होती. या दारासमोर तसलं काही नव्हतं. उंबऱ्यापासून निघून पायरी उतरून गल्लीच्या उतारावर लहान लहान पावलं चालली होती. तान्ह्या मुलाची असावीत एवढी. एक टाच, वर पाच ठिपके. त्यातलं एक रेश्माच्या बुटाने फरकटलं होतं.

पावलं बाहेर चालली होती. आणि सगळी उजवी होती.

आमच्याकडे दिवाळीत लक्ष्मीची पावलं बाबा काढायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तांदळाचं पीठ कालवायचं, मूठ वळून ती करंगळीच्या बाजूने पिठात बुडवायची आणि जमिनीवर टेकवायची, की झालं पाऊल. मग बोटाने वर पाच ठिपके. डाव्या मुठीने डावं, उजव्या मुठीने उजवं. पण बाबांच्या डाव्या हातात पिठाची वाटी असायची, म्हणून ते सगळी पावलं उजव्या मुठीनेच उमटवायचे. त्यात ते बसायचे उंबऱ्यात, तोंड अंगणाकडे करून. त्यामुळे पावलांची बोटं बाहेरच्या दिशेला व्हायची. दरवर्षी आई ओला फडका घेऊन यायची आणि कपाळाला हात लावायची. "लक्ष्मी घरात येता की घरातसून जाता, तां तरी बघा! आणि एकाच पायान? लंगडी घालीत चल्ली जणू!" मग ती सगळी पावलं पुसून नीट डावी-उजवी, आत येणारी काढायची. घरात पैसा का टिकत नाही याचं तिच्याकडे एवढं एकच उत्तर होतं. बाबा नुसते हसायचे आणि पुढच्या वर्षी परत तशीच काढायचे.

म्हातारी अजून बोलतच होती. मी तिच्या चुन्याच्या बादलीपाशी बसले, उजवी मूठ वळली, चुन्यात टेकवली आणि फरकटलेल्या पावलाच्या जागी उमटवली. मग बोटाने पाच ठिपके दिले. चुना हाताला चुरचुरायला लागला होता.

म्हातारी बोलायची थांबली. तिने ब्रश खाली ठेवला, माझी हनुवटी धरून माझं तोंड वर केलं आणि नीट बघितलं.

"आंकूस?" ती म्हणाली.

मी होकारार्थी मान हलवली आणि तिथेच चुन्यात बसून रडले. रेश्मा घाबरली. तिला वाटलं, म्हातारीने मला मारलं. ती ओरडत जाऊन देस्पिनाला घेऊन आली.

म्हातारीने देस्पिनाला पहिला प्रश्न विचारला तो असा, "तो घरी पोचला का?"

"पोचला," मी म्हटलं.

"जिवंत आहे?"

"आहे."

तिने छातीवर क्रूसाची खूण केली. तशी तीन-चारदा केली. मग आम्हा तिघींना आत नेलं, सुती टॉवेलने माझा हात पुसला आणि वर तेल चोळलं. यानिसचा फोटो भिंतीवर होता. तो चार वर्षांपूर्वी गेला, साध्या आजाराने, घरच्या बिछान्यावर. हे सांगताना तिच्या बोलण्यात समाधान होतं. खलाशाच्या आईला एवढं मिळालं तरी पुष्कळ असतं.

"ती पावलं त्याने काढली," देस्पिना तिचं बोलणं सांगू लागली. "यानिस पगारासाठी कंपनीशी भांडायला गेला होता आणि वादळाने बोटी बंद पडल्या. किती दिवस त्याचा पत्ता नव्हता. मी रोज रडायचे. एका संध्याकाळी आंकूसने माझं पीठ घेतलं आणि दारात हे काढायला लागला. तुमचा दिव्यांचा सण होता म्हणे. मी विचारलं, कुणाचे पाय? तो म्हणाला, आमच्याकडच्या एका देवीचे. मी म्हटलं, मग ही चालली कुठे?"

"काय म्हणाले बाबा?"

देस्पिनाने विचारलं. म्हातारीने हात बंदराच्या दिशेने केला.

"त्याने परत एकदा पावलांकडे बघितलं. मग म्हणाला, यानिसला आणायला चालली आहे. आणि यानिस आला बघ. वारा पडला तशी पहिल्या बोटीने आला." म्हातारी हसली. "पीठ कोंबड्यांनी खाऊन टाकलं. म्हणून मी त्याच्यावरूनच चुना फिरवला. मग आंकूस गेला. बोटीत चढला आणि गेला, पुढे कुणीच काही कळवलं नाही. घरी पोचला की वाटेतच कुठे राहिला, काही कळेना. मग मी पावलं कशी बंद करणार? सगळी गल्ली मासे काढते, मी दरवर्षी हेच काढते. त्याला घरी पोचवून ती देवी परत आली तर थांबेन म्हटलं."

तिच्या घरात फोन होता. माझं न ऐकता तिने तो माझ्या हातात दिला. आमच्या गावात एकच फोन होता आणि तो भिवाच्या दुकानात.

"कोण? वैजू? खंयसून बोलतंस गो?" पलीकडून भिवा ओरडला.

"ग्रीसातसून. बाबांका बेगीन बोलवा. मी धरून ऱ्हवतंय."

फोन धरून ठेवायचे पैसे कसे पळतात ते भिवालाही माहीत होतं. तो स्वतःच धावला असावा, कारण थोड्याच वेळात बाबांचा धापा टाकणारा आवाज आला. "वैजू? काय झालां गो? बरी मा तू?"

मी फोन म्हातारीच्या कानाला लावला.

ती ओरडून बोलली, जणू अरबी समुद्र वरून ओलांडायचा होता. पलीकडून बाबा बोलू लागले. त्यांचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. म्हातारी रडत होती, हसत होती, मध्येच त्यांना रागावत होती. देस्पिना भिंतीला टेकून ऐकत होती.

"किती छान बोलतात तुझे बाबा," ती म्हणाली. "अगदी बेटावरच्या म्हाताऱ्यांसारखं. तिला आई म्हणतायत."

तिकडे दुकानात काय झालं ते मला नंतर आईने सांगितलं. संध्याकाळची गिऱ्हाइकं होती, सगळी गप्प उभी राहिली. फोनमधून एका बाईचा आवाज येतोय, अंकुश तिला उत्तर देतोय, ती हसतेय, परत बोलतेय. एकटा माणूस काहीही बडबडू शकतो, पण समोरून उत्तर आलं की ती भाषाच असते. भिवाने स्टूल पुढे केलं आणि म्हणाला, "बस रे अंकुश, सावकाश बोल." दुसऱ्या दिवशी गावात जो तो सांगत होता की आपल्याला पहिल्यापासून माहीत होतं.

बोटीची वेळ झाली म्हणून उपासनी सर शोधत आले. म्हातारी गल्लीच्या वळणापर्यंत आम्हाला सोडायला आली. बोट निघाली तेव्हा भोंगा वाजला. रेश्मा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "माझ्या बुटाचे आभार मान." ती आता मिरजेत घरं बांधते आणि अजून तेवढंच म्हणते.

त्या दिवाळीला बाबांनी उंबऱ्यात बसून पावलं काढली. बाहेर जाणारी, सगळी उजवी. आई ओला फडका घेऊन आली. तिला मी सगळं सांगितलेलं होतं. पावलांकडे बघत तिने फडका खांद्यावर टाकला आणि ती पोहे परतायला आत निघून गेली. त्यानंतर तिने ती कधीच पुसली नाहीत. शालूताईचं पुढच्या वैशाखात लग्न झालं, आणि त्या मंडळींनीही जाता जाता भिवाकडे चहा घेतला.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ते गेले त्या वर्षी आम्ही दिवाळी केली नाही. पुढच्या वर्षी मी आईकडे गेले आणि पहाटे उठून पावलं काढली. सासरी इतकी वर्षं काढत होते तशीच काढली, एक डावं, एक उजवं, अंगणातून घरात येणारी. आई भिंतीच्या आधाराने बाहेर आली. तिला आता नीट दिसत नव्हतं. वाकून, डोळे बारीक करून तिने पावलं बघितली. मग आत गेली आणि फडका ओला करून घेऊन आली. खाली बसून एकेक पाऊल पुसायला लागली.

"आये, काय करतंस? बरोबर काढलंय मी."

तिने ऐकलं नाही. सगळी पुसून झाल्यावर ती सरकत सरकत उंबऱ्यात गेली, तोंड अंगणाकडे करून बसली. डाव्या हातात पिठाची वाटी घेतली. उजव्या हाताची मूठ नीट वळत नव्हती, संधिवाताने बोटं वाकडी झाली होती. तरी तिने ती पिठात बुडवली आणि पहिलं पाऊल उमटवलं. बाहेरच्या दिशेला.

"मगे तेंका आणूक कोण जातला?" ती म्हणाली.